पाच मोजेपर्यंत

मी वाकून बुटाची नाडी बांधत होते, तेवढ्यात सुमन ओरडली, "वृंदे, पळ! आबांनी चेंडू ठेवला!"

वर पाहिलं तर खरंच. मैदानाच्या कडेच्या पांढऱ्या रेषेपाशी चेंडू नुसता जमिनीवर ठेवलेला आणि त्याच्या शेजारी माझे वडील ताठ उभे. गळ्यात शिट्टी, अंगात राखाडी सदरा, आणि उजवा हात खांद्यापासून पुढं जाऊन परत येत होता. एक. दोन. तीन. मी नाडी तशीच सोडून धावले. चेंडूपाशी पोचणार एवढ्यात शिट्टी वाजली. आबांनी चेंडू उचलला आणि समोरच्या संघातल्या पोरीच्या हातात दिला.

"सर, नाडी सुटली होती," मी म्हणाले. मैदानावर त्यांना सर म्हणायचं, हा आमच्या घरचा कायदा होता.

"मग टाइम-आउटमध्ये काय करत होतीस?" आबा म्हणाले आणि खेळ सुरू झाला.

बास्केटबॉल न खेळलेल्यांसाठी सांगते. टाइम-आउट मिनिटभराचा असतो. तो संपत आला की वेळ बघणारा माणूस टेबलावरची बेल वाजवतो. बेल झाली की दोन्ही संघांनी मैदानात यायचं. पण वेळेवर येतंय कोण? सरांचं एक वाक्य राहिलेलं असतं, कुणाला पाणी प्यायचं असतं, कुणाला नुसता दम खायचा असतो. पंच शिट्टी मारतात, हाका मारतात, शेवटी बाकापाशी जाऊन हात जोडतात. आबा यातलं काही करत नसत. बेल झाली की एक शिट्टी. थोडं थांबून दुसरी. मग चेंडू रेषेवर. ज्यांचा चेंडू असेल त्यांनी पाच मोजेपर्यंत तो उचलून आत टाकायचा, नाही तर गेला समोरच्यांकडं. नियमात तशी सोय होती, पण आमच्या भागात ती वापरणारे पंच ते एकटेच. बाहेरगावचे संघ इचलकरंजीला यायचे तेव्हा त्यांचे सर आधीच पोरींना दम देऊन ठेवायचे, की बाई गं, इथं मुसळे आहेत, बेल झाली की पळत सुटा.

ती सेमी फायनल आम्ही तरीही जिंकली. घरी आल्यावर आईनं ताटं घेता घेता आबांना फैलावर घेतलं.

"सोताच्या पोरीला तर सोडायचं हुतं. नाडी बांधत हुती ती."

"काय?" आबा म्हणाले.

"नाडी! नाडी बांधत हुती!"

"मग? नाडीला वेगळा नियम हाय काय?"

मी भाकरी मोडत म्हणाले, "आबा, फायनलला पंच कोण आहेत?"

ते जेवत राहिले. आईनं मला कोपरानं ढोसलं. मी उठून त्यांच्या समोर जाऊन बसले आणि पुन्हा विचारलं.

"कोल्हापूरचे येणार हायत एक. आणि आपले शेख. मी बघायला येणार, टाळ्या वाजवायला." मग त्यांनी ओठ हलवले, आवाज न काढता, सावकाश: नाडी नीट बांध.

मला हसू फुटलं. आईला ते मुळीच खपायचं नाही. "झाली ह्यांची मुकी भाषा सुरू," ती म्हणाली.

ही भाषा आबांनी मला मागाच्या कारखान्यात शिकवली होती. आबा तिथं जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जायची. पत्र्याच्या छपराखाली शेदीडशे यंत्रमाग एकदम चाललेले, तिथं गळा फाडून ओरडलं तरी शेजारच्याला कळत नाही. म्हणून तिथले लोक बोलतच नाहीत. नुसते ओठ हलवतात आणि हाताच्या खुणा करतात. पालथा पंजा दाबला की माग बंद कर. मूठ उघडली की चालू कर. पंजा उताणा केला की काय झालं. चहा, मालक आला, तुझा धागा तुटला, तुझ्या बायकोनं बोलावलंय, सगळं त्यात बसायचं. मला ती आमच्या दोघांची गंमत वाटायची. आमच्या गल्लीत सगळे पुरुष मोठ्यानं बोलायचे, सगळ्या घरांत टीव्ही मोठा लागायचा. त्यात काही वेगळं आहे असं कधी मनात आलं नाही.

फायनलच्या दिवशी कोल्हापूरचे पंच आलेच नाहीत. त्यांचा पाय मुरगळल्याचा निरोप आला. आता एक तर सामना रद्द करायचा, नाही तर आबांना उभं करायचं. आमचे कुंभोजकर सर हे ऐकून डोक्याला हात लावून बसले.

"मुसळे नकोत," ते स्पर्धेच्या अध्यक्षांना, मगदूम अण्णांना म्हणाले. "माझ्या टीमची कॅप्टन त्यांची मुलगी आहे."

"मग तुम्हाला बरंच की," अण्णा म्हणाले.

"बरं कुठलं अण्णा! परवा चेंडू ठेवला त्यांनी तिच्यावर. आम्हालाच जाच होणार!"

समोरचा संघ सोलापूरचा होता. त्यांच्या सरांना विचारलं तर ते हसायला लागले. "मी बघितलंय की ते. ह्यांनाच घ्या. पोरीवर असा दात धरणारा बाप मी बघितला नाही."

आबा घरी जाऊन राखाडी सदरा घालून आले. माझ्याकडं त्यांनी बघितलंही नाही, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

त्या दिवशी आणखी एक बदल होता, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही. टेबलावर नेहमी आमच्या गल्लीतले धोंडीराम काका बसायचे. आबांचे मागावरचे जुने सोबती. टाइम-आउट संपला की ते पितळी टोल हाणायचे आणि त्याच वेळी खुर्चीवरून उठून पोलिसासारखा अख्खा हात वर करायचे. गावातली पोरं त्यांची नक्कल करायची. मीही केलेली आहे. काका भाचीच्या लग्नाला रबकवीला गेले होते, म्हणून त्यांच्या जागी मुलींच्या शाळेतल्या हावळ बाई बसल्या होत्या. बाई फार काटेकोर. त्यांच्यासमोर टोलाऐवजी विजेची नवी बेल होती, बारीक किणकिणणारी. बटण दाबलं की वाजायची. उठायचंही काम नाही.

सामना पहिल्यापासून अटीतटीचा झाला. सोलापूरकडं अरुणा बोल्ली नावाची पोरगी होती, माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि बास्केटखाली तिच्या हातात चेंडू गेला की आपण हात वर करून देवाचं नाव घ्यायचं एवढंच उरायचं. पण आम्ही पायानं चपळ होतो. सगळ्या पोरी इथल्याच, पायऱ्यांवर घरचे लोक, कारखान्यांना सुट्टी, त्यामुळे आरडाओरडा तर विचारू नका. मधले टाइम-आउट शेख सरांच्या बाजूला संपले. ते टेबलाजवळ उभे होते, बेल झाली की तेच शिट्टी मारायचे आणि पलीकडून आबा हात वर करून तयार व्हायचे. सगळं सुरळीत चाललं होतं.

शेवटी शेवटी आम्ही एका गुणानं पुढं होतो. चेंडू सोलापूरचा. अरुणाच्या पोटरीत गोळा आला आणि ती लंगडायला लागली, तशी त्यांच्या सरांनी टाइम-आउट घेतला. त्यांचा शेवटचा. कुंभोजकर सर आम्हाला म्हणाले, "एवढा चेंडू अडवा. बाकी काही करू नका. आणि बेल झाली की एक सेकंद इथं थांबायचं नाही. समोर कोण उभा आहे माहीत आहे ना?"

बेल झाली. मला ती स्वच्छ ऐकू आली. आम्ही पाचही जणी पळत जाऊन आपापल्या जागी उभ्या राहिलो. सोलापूरच्या बाकाकडं पाहिलं तर अरुणा अजून जमिनीवर बसलेली, त्यांची एक पोरगी तिची पोटरी चोळतेय, आणि बाकीच्या भोवती उभ्या. मला मनातून गुदगुल्या झाल्या. आता शिट्टी. मग दुसरी. मग चेंडू रेषेवर. एक तर अरुणाला सोडून त्या येतील, नाही तर चेंडू आमचा.

आबा टेबलाच्या पलीकडच्या रेषेवर चेंडू कमरेला लावून उभे होते. टेबलाकडं बघत होते. मधे पायऱ्यांवरचे लोक उठून उभे राहिले होते, कुणी पार रेषेपर्यंत आलेलं.

शिट्टी काही वाजेना.

मी वाट पाहिली. सुमन माझ्याकडं पाहायला लागली. मी आबांच्या दिशेनं दोन पावलं गेले, त्यांच्या पाठीमागून.

"सर, बेल झाली!"

ते वळले नाहीत.

"सर! बेल झालीय! त्या आलेल्या नाहीत!"

ते तसेच उभे. टाचा किंचित उचलून टेबलाकडं बघत होते. शेख सर पलीकडच्या बास्केटखाली होते, त्यांनी एकदा हात वर केला आणि मग खाली घेतला. नियमाच्या बाबतीत मुसळेंना काही सांगायची त्यांची छाती नव्हती. सोलापूरच्या सरांनी आबांकडं एकदा चोरून पाहिलं, त्यांना हा काय प्रकार आहे ते कळेना, पण फुकट मिळालेला वेळ कोण सोडतो? ते पुन्हा खाली वाकले. पोटरी चोळून झाली. अरुणा उठली, पाय झटकला, दोन उड्या मारल्या. मग त्या पाचही जणी ऐसपैस चालत मैदानात आल्या. त्यांना आलेलं बघून आबांनी मान हलवली, शिट्टी मारली आणि चेंडू दिला.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. चेंडू आत आला, उंच गेला, अरुणानं तो दोन्ही हातांनी घेतला आणि टाकला. मी तिच्या कोपरालासुद्धा पोचले नाही. एका गुणानं आम्ही हरलो.

मी मैदानातच खाली बसले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. माझी नाडी सुटली तर चेंडू ठेवतात, आणि त्यांची पोरगी मालीश करून घेते तोवर राजासारखे उभे राहतात! पोरीनं हाक मारली तरी ढुंकून बघत नाहीत! सगळ्या गावाला दाखवायचं असतं ना, की मी पोरीची बाजू घेत नाही. मी ठरवलं, घरी गेल्यावर ह्या माणसाशी बोलायचंच नाही. ओठांनीही नाही.

मैदानाला लागून व्यायाम मंडळाची खोली होती. कुंभोजकर सर मला दंडाला धरून तिथं घेऊन गेले. आत टेबलाशी मगदूम अण्णा बसलेले, बाजूला हावळ बाई आणि शेख सर. आबा भिंतीला टेकून उभे होते. टेबलावर सामन्याचा गुणतक्ता पसरलेला होता. त्याच्या तळाशी एक रिकामी जागा असते. निकाल मान्य नसेल तर तिथं सही करायची, आणि ती सही फक्त कॅप्टनची चालते. ती झाली की तक्रार जिल्हा संघटनेकडं जाते.

"वृंदा, सही कर," सर म्हणाले.

"जरा थांबा," अण्णा म्हणाले. "आधी मुसळ्यांना विचारू. काय हो मुसळे, एवढा वेळ का थांबलात?"

आबा त्यांच्याकडंच बघत होते. शांतपणे म्हणाले, "बेल झाली नाही. बेल झाल्याशिवाय मी खेळ कसा सुरू करणार?"

हावळ बाई म्हणाल्या, "असं काय म्हणता सर? मी बेल दिली. वेळेवर दिली."

"बाई, बेल झाली असती तर मी चेंडू ठेवला असता. आजवर ठेवलाय की नाही?"

"मी ह्या बोटानं बटण दाबलंय!"

"दाबलं असंल. वाजली नसंल. नवी बेल हाय. तुमच्या लक्षात आलं नसंल."

"म्हणजे मी खोटं बोलतेय?" बाईंचा आवाज फुटला. "पहिल्यांदा बसले मी टेबलावर. सगळ्यांच्या देखत मला खोटं पाडताय तुम्ही."

"खोटं म्हणत न्हाई मी. पण बेल झाली न्हाई."

कुंभोजकर सरांचा संयम सुटला. "मुसळे, पुरे झालं. अख्ख्या मैदानानं ऐकली बेल. तुम्ही मुद्दाम थांबलात. आपल्या पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून माझ्या बाकीच्या पोरींचा बळी दिलात. आणि वर बाईंवर ढकलताय? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

आबांचा चेहरा पांढरा पडला. आजवर त्यांना कुणी खडूस म्हटलं होतं, कुणी यमदूत. लबाड कुणी म्हटलं नव्हतं. ते माझ्याकडं वळले आणि नुसतं बघत राहिले. मी काही बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. मी बोलले नाही. माझा राग अजून तिथंच होता.

मगदूम अण्णा त्यांच्या मागून म्हणाले, "मुसळे, दुसरी काही अडचण झाली होती का? सांगा तसं. आपण मिटवू."

आबा माझ्याकडंच बघत होते.

"मुसळे?" अण्णा म्हणाले. "मी काय विचारतोय?"

आबांनी उत्तर दिलं नाही. त्यांची पापणीही हलली नाही. अण्णांच्या कपाळावर आठी चढली. त्यांना वाटलं असणार, हा माणूस उर्मटपणा करतोय. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं, अण्णा विचारत होते हे आबांना माहीतच नव्हतं.

मग सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. भाकरी मोडताना विचारलेला प्रश्न. आईचं दोन दोनदा ओरडून सांगणं. मी पाठीमागून मारलेल्या हाका. गेल्या दोन वर्षांत आबांची शिट्टी इतकी कडक झाली होती की लोक कौतुक करायचे, मुसळ्यांची शिट्टी म्हणजे कानाला दडे बसतात. आणि धोंडीराम काका. टोल हाणताना उठून उभे राहणारे, अख्खा हात वर करणारे धोंडीराम काका, ज्यांची नक्कल करून मी शाळेत सगळ्यांना हसवलं होतं.

माझा राग कुठं गेला कळलं नाही. त्याच्या जागी भीती आली, लहान मुलाला वाटते तशी. आबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी बेल झालीच नव्हती.

"वृंदा, तू मैदानात होतीस," अण्णा आता मला म्हणाले. "तू सांग. बेल झाली की नाही?"

नाही म्हणावं, असं मला फार वाटलं. आमची पोरं, आमचं गाव, चार जणींना सांगितलं असतं तर त्याही नाही म्हणाल्या असत्या. बेल बिघडली, संपला विषय. पण समोर हावळ बाई पदरानं डोळे पुसत होत्या. हो म्हणावं तर ह्या चार लोकांसमोर आबांना आपल्या कानांची गोष्ट माझ्या तोंडून पहिल्यांदा कळणार. ते मला नको होतं. कळायचीच असेल तर ती आमच्या दोघांत कळावी.

मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले, बाकीच्यांकडं पाठ करून. आणि आवाज न काढता ओठ हलवले, सावकाश.

आबा, बेल झाली होती.

त्यांनी पंजा उताणा केला. काय?

झाली होती. मला ऐकू आली. सगळ्यांना आली.

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी पुन्हा ओठ हलवले. मी तुम्हाला मागून दोनदा हाक मारली. आता अण्णा तुमच्याशी बोलले. तुम्हाला ऐकू आलं नाही.

ह्यातलं एक अक्षर मी उच्चारलं नव्हतं, आणि त्यांना सगळं कळलं होतं. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचे डोळे भरले. त्यांनी आधी अण्णांकडं वळून पाहिलं, मग बाईंकडं, मग कुंभोजकर सरांकडं, एकेकाच्या ओठांकडं, जणू आजवर आपण ह्या लोकांचं काय काय ऐकलं आणि काय काय नुसतं पाहिलं ह्याचा ते अंदाज घेत होते. मग त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली आणि टेबलावर ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "तुमची बेल झाली होती. चूक माझी हाय. मला ऐकू आली न्हाई. मला ऐकायला येत न्हाई." त्यांनी हात जोडले. "माफ करा."

बाई रडायच्या थांबल्या आणि मग आणखीच रडायला लागल्या. शेख सर खाली बघत होते. कुंभोजकर सर दाराकडं गेले, परत आले, चष्मा काढून पुसला.

"राहू दे वृंदा," ते म्हणाले. "सही नको. हरलो तर हरलो."

"का?" आबांनी त्यांचे ओठ वाचले होते. "सही का नको? चेंडू ठेवायला पायजे हुता, मी ठेवला न्हाई. पोरींचं नुकसान झालंय. तक्रार जायलाच पायजे."

"मुसळे, तक्रार गेली तर तुमचं नाव..."

"मला ठाव हाय काय हुईल ते."

मलाही ठाऊक होतं. दिवसभर मागाशी झटापट करून संध्याकाळी अंघोळ करून तो राखाडी सदरा घालताना आबा वेगळेच माणूस व्हायचे. मालक, मुनीम, मोठमोठ्या शाळांचे सर, सगळे त्यांच्या शिट्टीला थांबायचे. कारखान्यात त्यांना मुसळ्या म्हणायचे आणि मैदानात सर. त्या सदऱ्यापायी ते किती नीट चालायचे! आणि तो काढून घ्यायचा तर माझ्याच सहीनं.

"मी करणार नाही," मी म्हणाले.

"कॅप्टन कोण हाय?"

"मी करणार नाही, आबा."

"मैदानाच्या कामात हायस. सर म्हण."

मला रडू आवरेना. मी हात मागं बांधून उभी राहिले, लहानपणी औषध प्यायला नको म्हणून उभी राहायची तशी.

त्या तक्रारीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते. निकाल बदलला नाही, कप सोलापूरलाच राहिला. आबांचं नाव मात्र पंचांच्या यादीतून गेलं. रबकवीहून परतल्यावर धोंडीराम काका आमच्या उंबऱ्यात येऊन बसले. आबांनी त्यांना ओठांनी विचारलं, तुला ठाऊक होतं? काका मोठ्यानं म्हणाले, "तुला येत न्हाई, मला तरी कुठं येतंय? मी घड्याळ बघून हात करायचो, तू हात बघून शिट्टी मारायचास. बरं चाललं हुतं की रं आपलं." मग दोघंही हसले, आणि हसता हसता आबांनी तोंडावर टॉवेल घेतला. तो राखाडी सदरा आई बरीच वर्षं धुऊन घडी करून ठेवत राहिली. आता आबाही नाहीत. मी मैदानावर पंच म्हणून उभी राहते, आणि टेबलावर कुणीही बसलेलं असो, आधी सांगून ठेवते, बेलबरोबर हात वर करायचा.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी खोलीत मी हात बांधून उभी होते. आबांनी अण्णांच्या खिशातलं पेन काढलं. गुणतक्ता माझ्याकडं वळवला आणि त्या रिकाम्या जागेवर पेन आडवं ठेवलं, चेंडू ठेवायचे तसं अलगद. मग दोन पावलं मागं सरले, ताठ झाले, आणि उजवा हात वर केला.

एक.

"आबा, नको ना," मी म्हणाले.

त्यांनी ऐकलं नाही, किंवा पाहिलं नाही. ते समोर भिंतीकडं बघत होते. हात पुढं जाऊन परत आला. दोन.

कुंभोजकर सर म्हणाले, "अहो मुसळे..." तीन.

मी टेबलापाशी गेले. पेन उचललं. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं आणि मला रेघ दिसत नव्हती. चार. मी माझं नाव लिहिलं. वृंदा विश्वनाथ मुसळे. त्यांचंही नाव त्यात आलं.

पेन खाली ठेवलं तेव्हा आबांचा हात वरच होता. त्यांनी तो खाली घेतला, सही नीट वाकून पाहिली, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"चारच झाले," ते म्हणाले. "येळेत आलीस."

ते हळू बोलायला गेले होते, फक्त माझ्यापुरतं. पण आवाज एवढा मोठा निघाला की बाहेर मैदानावरच्या लोकांनी वळून पाहिलं.